विश्लेषण : सॉफ्टवेअर अपडेट आपोआप व्हावे का?

३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे ३०० छोट्या सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय अडले. या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्याने एनपीसीआयने तिला देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडले होते.

त्रुटी कुठे होती?
क्लाउडसेकच्या अहवालानुसार, हल्ल्याची सुरुवात सी-एजच्या सहयोगी पुरवठादाराच्या ‘जेनकिन्स’ सर्व्हरपासून झाली. नवा कोड तपासून आपोआप बसवण्यासाठी जेनकिन्स वापरतात. त्यातील त्रुटी दूर करणारी आवृत्ती २४ जानेवारीलाच आली होती.

मग प्रत्येक अपडेट लगेच घ्यावे?
तसेही नाही. त्याच महिन्यात, १९ जुलैला, क्राउडस्ट्राइकचे सदोष अपडेट एकदम सर्वत्र गेले आणि जगभरातील ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

उपाय काय?
अपडेट आपोआप व्हावे, पण टप्प्याटप्प्याने : आधी चाचणी, मग मोजके संगणक, मग सर्व. बिघाड झाल्यास जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय हवी. रत्नागिरीतील पतसंस्था आणि नागरी बँकांनी पुरवठादाराशी करार करतानाच विचारावे : सुरक्षा अपडेट किती दिवसांत बसेल आणि आधी कुठे तपासले जाईल?