शस्त्र पुजायचे, की पेलायचे?

दिग्रसहून पहाटेची गाडी धरून दारव्हा, यवतमाळ, वर्धा असे करीत नागपूर गाठायचे, तेथून रिक्षाने शहराबाहेरच्या एका रायफल क्लबच्या मैदानावर जायचे आणि अवघ्या पन्नास गोळ्या झाडून रात्री उशिरा घरी परतायचे, हा माझा गेल्या काही वर्षांचा क्रम आहे. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरांहून अधिक प्रवास. निवृत्त शिक्षकाने या वयात हा उपद्व्याप कशासाठी करावा, असे घरचे विचारतात. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात पॉइंट टू-टू रायफल हातात आली आणि तो छंद सुटला नाही, इतकेच त्याचे उत्तर आहे. परंतु मागील फेरीत जे अनुभवले, त्याने या छंदापलीकडचे काही प्रश्न मनात उभे केले. ते आपल्या वाचकांसमोर, विशेषतः तरुण कार्यकर्त्यांसमोर ठेवणे मला आवश्यक वाटते.

क्लबने सभासदांच्या सरावासाठी एक नवे पिस्तुल घेतले होते. देशी बनावटीचे, .३२ बोअरचे, पूर्ण आकाराचे आणि संपूर्ण पोलादी. हल्ली जगभर पॉलिमरच्या हलक्या सांगाड्यांची चलती असताना कोणी तरी सबंध पोलादाचे, भरघोस मुठीचे पिस्तुल आपल्या देशात घडविले, याचाच आनंद प्रथम झाला. पेटीतून काढताच त्याचे वजन जाणवले. मूठ तळहातात पूर्ण बसली, करंगळी अधांतरी राहिली नाही. नळी लांब असल्याने पुढची माशी आणि मागची खाच यांतील अंतर भरपूर, त्यामुळे नेम धरताना झालेली बारीकशी चूकही डोळ्यांस लगेच दिसते. पहिली गोळी झाडली आणि धक्का जवळजवळ जाणवलाच नाही. गोळी हलकी, शस्त्र जड. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत तीस वर्षे शिकविला, त्याचा प्रत्यय मनगटाने दिला. पंचवीस मीटरवरच्या लक्ष्यावर पहिल्या दहापैकी सात गोळ्या काळ्या वर्तुळात गेल्या. माझ्या वयाच्या मानाने हे श्रेय माझे कमी आणि त्या पोलादाचे अधिक.

येथवरची गोष्ट अभिमानाची. पुढची गोष्टही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चाप ओढताना तो मध्येच खरखरतो आणि गोळी नेमकी केव्हा सुटणार याचा अंदाज लागत नाही. पहिल्या पन्नास गोळ्यांत दोनदा रिकामे कवच बाहेर न पडता स्लाईडच्या तोंडाशी अडकले. सेफ्टीचा खटका इतका आखूड की अंगठ्याला शोधावा लागतो. पिस्तुलाच्या बाह्य अंगावरची झिलई आरशासारखी, पण आतल्या कडा कानशीने घासायच्या राहून गेलेल्या. मैदानावरचे एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "गुरुजी, पोलाद चांगलं आहे हो, हात घाईत होता." निर्मात्याचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, एका शस्त्राच्या एका दिवसाच्या अनुभवावरून कोणावर शिक्का मारणे न्याय्य नव्हे. शिवाय पाचशे-हजार गोळ्यांनंतर नवे शस्त्र रुळते, हेही खरे. परंतु सुभेदारांचे ते वाक्य परतीच्या संपूर्ण प्रवासात माझ्या डोक्यात घोळत राहिले. हात घाईत होता. केवळ त्या कारखान्याचाच, की आपल्या सगळ्यांचा?

निःशस्त्रीकरणाचा वारसा

१८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रजांनी या देशाचे हात रिकामे करण्यास प्रारंभ केला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदा करून त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी त्याच लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला, हा योगायोग नव्हता. वाणी आणि बाहू दोन्ही बांधायचे होते. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत रद्द झाला. शस्त्र कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही बारा वर्षांहून अधिक काळ टिकला. युरोपियनांस सवलत आणि एतद्देशीयांस परवाना, असा त्याचा उघड भेदभाव होता. हा डाग पक्षभेदाच्या पलीकडे सर्वांना बोचत होता. अहिंसेचे उपासक असलेल्या गांधीजींनीही १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात या कायद्याची कठोर निर्भर्त्सना केली होती. १९२७ मध्ये आपल्याच विदर्भात, नागपूरच्या रस्त्यांवर, मंचरशा आवारी यांनी शस्त्र सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत अधिकारांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदविला. आज या गोष्टी किती जणांना ठाऊक आहेत?

त्याआधी, १९०९ मध्ये, स्वातंत्र्यवीर सावरकरांना लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून धाडावी लागली होती. शस्त्र परक्याचे, तेही चोरून, कारण स्वतःचे घडविण्याची मुभाच नव्हती. आणि आज? .३२ चे काडतूस जॉन ब्राउनिंगने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बेल्जियममधील पिस्तुलासाठी सिद्ध केले. आपल्या सैन्याने अनेक दशके वापरलेले इच्छापूरच्या कारखान्यातील ९ मिलिमीटरचे पिस्तुलही मुळात ब्राउनिंगच्याच अभिकल्पाचे, कॅनडातील इंग्लिस कारखान्याच्या नमुन्यावर बेतलेले. ते ९ मिलिमीटर सामान्य परवानाधारकास निषिद्ध, त्याच्या वाट्याला.३२. म्हणजे राज्यकर्ते बदलले, कायदा १९५९ मध्ये नवा झाला, परंतु नागरिकाच्या हाती येणारे काडतूस मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीचेच राहिले.

ही खंत खरी आहे. परंतु येथेच थांबून सरकारच्या नावाने बोटे मोडणे, हा आपला आवडता आणि सर्वांत सोपा उद्योग आहे. मला आज दुसरे बोट आपल्याकडे वळवायचे आहे.

कमरेचे पिस्तुल आणि वर्षातून एकदाची पूजा

परवाना मिळाला म्हणून शस्त्र पेलता येते, हा भ्रम आपल्या समाजात खोलवर रुजला आहे. तालुक्याच्या गावांत पिस्तुल हे मोठेपणाचे चिन्ह झाले आहे. सदऱ्याखालून ते दिसले पाहिजे, लग्नाच्या वरातीत त्याची चर्चा झाली पाहिजे. आनंदाच्या भरात हवेत झाडलेली गोळी कोठे तरी खाली येते, कोणाच्या तरी अंगणात येते, याचे भान नाही. अखेर २०१९ च्या दुरुस्तीने असा बेदरकार गोळीबार स्वतंत्रपणे दंडनीय ठरवावा लागला आणि एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घालावी लागली. ज्यांना हे निर्बंध जाचक वाटतात, त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी द्यावे: गेल्या वर्षभरात आपल्या शस्त्रातून लक्ष्यावर किती गोळ्या झाडल्या? माझ्या ओळखीच्या बहुतेक परवानाधारकांचे उत्तर 'एकही नाही' असे आहे. शस्त्र कपाटात, काडतुसे डब्यात आणि परवाना पाकिटात. असे शस्त्र चोराच्या हाती लागते, घरातल्या लेकराच्या हाती लागते. प्रसंगी धन्याच्या कामी येत नाही.

आणि आपले शस्त्रपूजन? विजयादशमीला आपण भक्तिभावाने शस्त्रे मांडतो, हळदकुंकू वाहतो, आपट्याची पाने देतो. परंतु शस्त्रपूजन हा वर्षभराच्या साधनेचा उत्सव होता, साधनेचा पर्याय नव्हता. शिलंगणासाठी सीमा ओलांडणाऱ्याने आधी पावसाळ्याचे चार महिने पात्याला धार लावलेली असे. आपण गंजलेल्या तलवारीला झेंडू वाहतो आणि तिला पुन्हा वर्षभर पोटमाळ्यावर टाकतो. ज्या परंपरेत डॉ. मुंजे यांनी परदेशांतील लष्करी शिक्षणसंस्था पाहून १९३७ मध्ये नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल उभे केले, त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांना हे शोभते काय? डॉ. मुंजे यांना शिस्तीत वाढलेला, कवायतीत घडलेला तरुण हवा होता; शस्त्र मिरविणारा नव्हे. या दोहोंतील अंतर आपण विसरलो, तर आपल्या गर्जनांना पडघमापलीकडे अर्थ उरणार नाही.

आपल्या जिल्ह्याचा धडा

सरावाच्या अभावाची किंमत काय असते, हे यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांचे बळी घेतल्याचा ठपका असलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. ती मारावी की बेशुद्ध करून पकडावी, हा वाद देशभर गाजला, न्यायालयापर्यंत गेला. त्यात मी येथे शिरत नाही. मला टोचले ते वेगळेच. त्या कामासाठी खासगी नेमबाज हैदराबादहून बोलवावे लागले. रानडुकरे आणि रोही यांनी कापूस-तूर फस्त केल्याचे दुःख ज्या जिल्ह्याच्या घराघरांत आहे, जेथे पीकसंरक्षणाच्या बाराबोअरी बंदुका पिढ्यान्‌पिढ्या खुंटीला टांगलेल्या आहेत, तेथे असा विश्वासू हात नव्हता! बंदुका होत्या, नेमबाज नव्हते.

आता उलट चित्र पाहा. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीसारख्या खेड्यातला स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आला. कोल्हापूरच्या मुलांच्या रक्तात काही निराळे आहे आणि दिग्रसच्या मुलांच्या नाही, असे कोणी म्हणेल काय? निराळे आहे ते इतकेच, की तेथे हाताच्या अंतरावर मैदान होते, शिकविणारे होते आणि आधीच्या पिढीचे उदाहरण डोळ्यांसमोर होते.

मात्र या अभिमानातही एक काटा आहे. पदक आपले, घाम आपला. परंतु आपल्या बहुतेक अव्वल नेमबाजांच्या हाती असलेले पिस्तुल स्विस, इटालियन, ऑस्ट्रियन किंवा जर्मन बनावटीचे. जो देश क्षेपणास्त्रे घडवितो, त्याला ऑलिंपिकच्या दर्जाचे एक पिस्तुल घडविता येऊ नये? पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेने महूच्या इन्फन्ट्री स्कूलसमवेत 'अस्मी' हे मशीन पिस्तुल अवघ्या चार महिन्यांत विकसित केले, २०२१ मध्ये ते देशासमोर आले आणि २०२४ मध्ये त्यातील ५५० नग सैन्याच्या उत्तर कमांडला मिळाले. बुद्धी आहे, पोलाद आहे, यंत्रे आहेत. उणीव आहे ती पारखणाऱ्या हातांची. ज्या समाजात हजारो जण नियमाने सराव करतात, तेथे खरखरणारा चाप बाजारात टिकत नाही; नेमबाज तो परत पाठवितो. ज्या समाजात पिस्तुल केवळ कपाटात ठेवण्यासाठी घेतले जाते, तेथे झिलई पुरते. निर्मात्याचा हात घाईत असतो, कारण त्याला ठाऊक असते की घेणारा ते कधी चालवून पाहणारच नाही. स्वदेशीचा आग्रह म्हणजे देशी मालाची खोटी स्तुती नव्हे. आपल्या मालात उणीव दिसली तर ती घरच्या माणसाच्या कळवळ्याने पण स्पष्ट सांगणे, हीच खरी स्वदेशी निष्ठा.

काय करता येईल?

काही जण म्हणतील, नेमबाजी हा श्रीमंतांचा खेळ आहे. काही अंशी ते खरे आहे. परंतु दहा मीटर एअर पिस्तुल या ऑलिंपिक प्रकाराला लागते काय? एक बंदिस्त दालन, भक्कम भिंत, चांगला प्रकाश आणि कडक शिस्त. ठरावीक मर्यादेतील शक्तीच्या एअर पिस्तुलास परवानाही लागत नाही. त्याच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. त्यावर पंच्याहत्तर मिनिटांत साठ गोळ्या झाडायच्या. यात बाहुबलापेक्षा श्वासावरचे नियंत्रण आणि मनाची स्थिरता अधिक लागते. मोबाईलच्या पडद्यावर खोट्या गोळ्या झाडण्यात संध्याकाळ घालविणाऱ्या मुलांना याहून चांगला संस्कार कोणता देणार? आपल्या गावातील बंद पडलेल्या जिनिंगच्या एखाद्या शेडमध्ये, शाळेच्या सभागृहात हे सहज उभे राहू शकते. माजी सैनिक आपल्या तालुक्यात आहेत; त्यांच्याइतका शिस्तीचा शिक्षक शोधून सापडणार नाही.

शासनाकडे मागणी करायची तर ती परवाने सैल करण्याची नव्हे, सराव बंधनकारक करण्याची करावी. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र सुरक्षिततेचे प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र यांची तरतूद केलेली आहे. पण तालुक्यातल्या माणसाने ते घ्यायचे कोठे? प्रत्येक जिल्ह्यात नागरिकांसाठी खुले मैदान असावे, नूतनीकरणाच्या वेळी सरावाची नोंदवही तपासावी आणि जो वर्षात एकदाही मैदानावर आला नाही, त्याच्या परवान्याचा फेरविचार व्हावा. यात प्रामाणिक माणसाचे काहीच जात नाही. मिरविणाऱ्याचे मात्र सारे जाते, आणि ते गेलेच पाहिजे.

त्या दिवशी सराव संपल्यावर सुभेदारांनी पिस्तुल उघडले, नळी रिकामी असल्याची तीनदा खात्री केली, तेलाच्या चिंधीने पुसले आणि मगच पेटीत ठेवले. पेटी बंद करण्यापूर्वी त्यांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. फुले नव्हती, कुंकू नव्हते. मी आजवर पाहिलेले सर्वांत शुद्ध शस्त्रपूजन ते होते. येत्या विजयादशमीला दिग्रसमध्ये शस्त्रे मांडताना आपण त्यांच्याशेजारी सरावाची एक वही ठेवू शकू काय? वही कोरी असेल, तर झेंडूची माळ कितीही मोठी असली तरी ती शोभणार नाही.