पाडव्याचा संकल्प आणि शेजारधर्म

वर्षप्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. शुभसंकल्पासाठी या दिवशी वेगळी वेळ पाहावी लागत नाही. आपल्या ठाणे-कल्याण परिसरात या दिवसाला आणखी एक शोभा लाभली आहे. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि ती प्रथा ठाणे व कल्याण येथेही रुजली. हजारो नागरिक शिस्तीने एकत्र येतात. ज्या समाजाला हे साधते, त्याला आपल्याच आळीतील अडचणीत आलेले घर सावरणे का साधू नये?

२५ मार्च २०२० रोजी पाडवाच होता आणि त्याच दिवशी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. स्वागतयात्रा निघाली नाही. पण ज्यांनी कधी कोणापुढे हात पसरला नव्हता, अशा किती घरांची मिळकत एका दिवसात थांबली! रिक्षाचालक, पोळीभाजी करून देणाऱ्या भगिनी, खासगी शिकवणी घेणारे शिक्षक, सारेच त्यात आले. तत्पूर्वी जुलै २००५ चा महापूर, तसेच डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ व मे २०२४ मध्ये झालेले स्फोट, यांचा अनुभवही निराळा नाही.

अशा वेळी शासन आहेच. तथापि शासनाला मोजमाप लागते. वार्षिक उत्पन्न एक लाख रुपये वा अधिक असले की पांढरी शिधापत्रिका मिळते आणि तिच्यावर सवलतीचे धान्य मिळत नाही. नोकरी गेल्या महिन्यात सुटली, म्हणून शिधापत्रिकेचा रंग या महिन्यात पालटत नाही. पांढरपेशा माणूस तर शेजाऱ्यालाही कळू देत नाही. ही मधली पोकळी भरून काढणे हेच स्थानिक सेवाभावी संस्थेचे खरे कार्य होय. घर तिच्या परिचयाचे असते, म्हणून मदत वेळेवर पोहोचते.

ठाण्यात २००८ साली स्थापन झालेले विद्यादान सहाय्यक मंडळ याचे बोलके उदाहरण आहे. परिस्थितीमुळे ज्यांचे उच्च शिक्षण खुंटले असते, अशा विद्यार्थ्यांना ते आर्थिक साहाय्य देते आणि कार्यकर्त्यांच्या द्वारे मार्गदर्शनही करते. पुढे स्वतःच्या पायावर उभे राहिलेले विद्यार्थी त्याच कार्याला हातभार लावतात.

संस्कृतात दानाच्या जोडीने 'संविभाग' हा शब्द येतो. संविभाग म्हणजे आपल्याजवळचे योग्य रीतीने वाटून घेणे. त्यात कोणी दाता म्हणून उंच नाही, की घेणारा म्हणून खाली नाही. गीतेनेही देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेल्या दानालाच सात्त्विक म्हटले आहे.

आज या विचाराची कसोटी आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हाच मूळ पर्याय झाला आहे आणि तीत राहणाऱ्या नोकरदाराला देणगीबद्दलची वजावट मिळत नाही. करासाठी देणारा आता हात आखडता घेईल. संस्थांना खरा आधार उरेल तो दरमहा थोडे देणाऱ्यांचाच. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा महिन्याचे नेमाने दिलेले शंभर रुपये मोलाचे, कारण त्यांच्या भरवशावर संस्था पुढील महिन्याच्या मदतीचा शब्द देऊ शकते.

मात्र देणाऱ्याने डोळसही असावे. संस्थेची नोंदणी पाहावी, पावती घ्यावी, वार्षिक हिशेब मागावा. संस्थेनेही शाळेचे शुल्क शाळेत आणि औषधाचे पैसे औषधालयात परस्पर भरावेत. घेणाऱ्याचे नाव फलकावर वा छायाचित्रात कदापि येऊ नये. पैशाचा हिशेब उघडा असावा आणि माणसाची लाज झाकलेली असावी.

वाचकहो, आज दारी गुढी उभारताना शेजारच्या दाराकडेही एकवार पाहावे. तेथे गुढी नसेल, तर तिचे कारण हळूच जाणून घ्यावे. नववर्षाचा याहून शुभ संकल्प कोणता?