रिले घेताना आधी डीसी व्होल्ट वाचा

आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याने आपल्या इलेक्ट्रिक स्कूटरची जुनी लेड ॲसिड बॅटरी काढून ६० व्होल्टची लिथियम बसवून घेतली. किल्ली बंद केली की बॅटरी तुटावी म्हणून मेकॅनिकने मधे एक चारपिनी रिले टाकला, हॉर्न-हेडलाइटला असतो तसलाच. "चाळीस अँपिअरचा आहे काका, बिनधास्त चालवा." दीडेक महिन्याने एका सकाळी किल्ली काढून हातात घेतली तरी गाडी चालूच. रिले फोडून पाहिला, तर आतले पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले होते. गाडी स्टँडवर होती म्हणून निभावलं.

मेकॅनिक खोटं बोलला नव्हता. रिले चाळीस अँपिअरचाच होता, पण बारा व्होल्टच्या गाडीतला. जोडलेल्या पॉइंटमधून करंट वाहू देणं सोपं असतं. वाहता करंट तोडताना रिलेचा कस लागतो, आणि तिथे अँपिअरइतकेच व्होल्ट महत्त्वाचे.

घरातल्या एसी विजेत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. पॉइंट उघडताना उडालेली ठिणगी तेवढ्यात विझते. बॅटरीचा करंट डीसी, तो आपणहून शून्यावर येतच नाही. पॉइंट पुरेसे लांब गेले नाहीत, तर मधल्या हवेतून ज्वाळ धरून राहते आणि वेल्डिंग मशीनसारखी धातू जाळत सुटते. म्हणून तर दुकानात मिळणाऱ्या लहान चौकोनी रिलेवर बहुधा एसीसाठी २५० व्होल्ट आणि डीसीसाठी जेमतेम ३० व्होल्ट असे दोन आकडे छापलेले असतात. आपण पहिला वाचतो, कामाचा असतो दुसरा. सीटखालच्या एमसीबीचंही तसंच. घराच्या बोर्डातला एसी एमसीबी तिथे चालत नाही, डीसीचाच लागतो.

बॅटरीवर लिहिलेले व्होल्टही धरू नका, पूर्ण चार्ज झाल्यावरचे धरा. लिथियम बॅटरीतला एनएमसी जातीचा सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. म्हणजे १६ सेलची बॅटरी ६७.२ व्होल्टला जाते आणि २० सेलची ८४ ला. रिलेचा, खरं तर कॉन्टॅक्टरचा (म्हणजे मोठ्या करंटसाठीच्या रिलेचा), डीसी आकडा याच्या वरचा हवा, आणि त्या व्होल्टला मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचा जास्तीत जास्त करंट तो तोडू शकतो असं डेटाशीटमध्ये लिहिलेलं हवं. चढणीला गाडी किती करंट ओढते ते बहुधा कंट्रोलरवर छापलेलं असतं.

दूधवाल्याचे पॉइंट मात्र तोडताना चिकटले की जोडताना, हे मी सांगू शकत नाही. जोडतानाही चिकटतात. कंट्रोलरमधले मोठे कपॅसिटर रिकामे असतात, आणि बॅटरी जोडली की ते क्षणभर शॉर्टसारखे वागतात. वायर आणि बॅटरी मिळून ०.०५ ओहम धरले, तर ६७ व्होल्टला पहिला झटका १,३०० अँपिअरच्या वर जातो. त्यावरचा उपाय स्वस्त आहे, त्याला प्रीचार्ज म्हणतात. आधी शंभर ओहमच्या रेझिस्टरमधून कपॅसिटर भरू द्यायचे, मग कॉन्टॅक्टर ओढायचा. हजार मायक्रोफॅरडला अर्धा सेकंद पुरतो. कितीही भारी कॉन्टॅक्टर घेतलात तरी हा रेझिस्टर वगळू देऊ नका.

पॉइंटवर अधिक-उणे खुणा असलेले कॉन्टॅक्टर मिळतात. आतलं चुंबक ज्वाळेला बाहेर ढकलतं, पण करंट ठरलेल्या दिशेने वाहत असेल तरच. ब्रेक लावताना गाडी बॅटरी भरत असेल किंवा चार्जर त्याच वायरवर असेल, तर करंट उलटा वाहतो. तिथे दोन्ही दिशांना चालणारा मागा. आणखी एक बारीक गोष्ट: कॉइलवर नुसता डायोड टाकला की पॉइंट सावकाश सुटतात आणि ठिणगी लांबते. कंपनीने डेटाशीटमध्ये जे सांगितलंय तेच लावा.

फ्यूजची जागा मात्र कॉन्टॅक्टर घेत नाही. शॉर्ट झाला तर तोडायचं काम बॅटरीच्या अगदी जवळ बसवलेल्या डीसी फ्यूजचं.

चारचाकीची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा ३०० ते ४०० व्होल्ट असतात. बॅटरीच्या दोन्ही टोकांना सीलबंद, बहुतेकदा वायू भरलेले कॉन्टॅक्टर आणि प्रीचार्जचा तिसरा असतो. या व्होल्टच्या नारंगी केबलला घरी हात लावायचाच नाही, मग तुम्ही कितीही हुशार वायरमन असा. दुचाकीतही ६० व्होल्टच्या वरचा डीसी धोक्याचाच धरतात, तिथे हातमोजे आणि माहितगार माणूस हवा.

तेव्हा सणासुदीला गाडी धुवायला काढाल तेव्हा मेकॅनिककडून सीट उचलून घ्या आणि रिलेवर काय छापलंय ते स्वतः वाचा. किल्ली बंद करून कंट्रोलरच्या टोकांना मीटर लावायला सांगा. कपॅसिटरमुळे आकडा हळूहळू उतरेल, त्याची भीती नाही. तो उतरलाच नाही, किंवा रिलेवर डीसीचा आकडा बॅटरीपेक्षा कमी निघाला, तर नवा कॉन्टॅक्टर बसेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका आणि चार्जिंगलाही लावू नका.