टिश्यू कल्चरमुळे दुर्मीळ कॅक्टस स्वस्त होणार का? वाशीच्या बाल्कनीपासून चिलीच्या वाळवंटापर्यंतची गोष्ट

वाशीच्या एपीएमसी फळबाजारात येणारं ड्रॅगन फ्रूट आणि नर्सरीत मिळणारा लाल-पिवळ्या डोक्याचा 'मून कॅक्टस' हे एकमेकांचे नातलग आहेत. मून कॅक्टसचा खालचा तीनधारी हिरवा दांडा बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्याच जातकुळीतला असतो. वरचा रंगीत गोळा म्हणजे जिम्नोकॅलिशियम नावाच्या निवडुंगाचं उत्परिवर्तित रूप. त्यात हरितद्रव्य नसल्यामुळे त्याला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या खुंटावर कलम करून जगवला जातो.

रील्समुळे अशा रंगीत, विचित्र आकाराच्या निवडुंगांना मागणी वाढली आहे. पण बरेच गोलाकार निवडुंग एकेकटे वाढतात, त्यांना बाजूने पिल्लं फुटत नाहीत. बियांपासून रोप मोठं व्हायला अनेक वर्षं जातात आणि रंगाचे पट्टे बियांतून उतरतीलच असंही नाही. इथेच टिश्यू कल्चर कामाला येतं.

हे नेमकं होतं कसं?

महाराष्ट्राला हे तंत्र नवं नाही. जळगावच्या शेतकऱ्यांना 'टिश्यूची केळी' पाठ आहेत. वाशीच्या खाडीपलीकडे तुर्भ्याच्या भाभा अणु संशोधन केंद्रानेही केळीसाठी हे तंत्र विकसित केलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तर १९९० मध्ये बाटलीतल्या बांबूला फुलं आणून जगाला चकित केलं होतं.

निवडुंगात काटे ज्या ठिपक्यातून फुटतात, तिथे एक सुप्त डोळा असतो. तो भाग कापून, निर्जंतुक करून साखर, क्षार आणि आगर असलेल्या माध्यमात ठेवतात. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये मांडलेलं माध्यम आजही सर्वाधिक वापरलं जातं. सायटोकायनिन गटातल्या संप्रेरकामुळे झोपलेले डोळे जागे होतात, कोंब फुटतात. ते कापून पुन्हा नव्या बाटलीत. अशा फेऱ्यांतून एका झाडाची शेकडो होतात.

सांगायला सोपं, करायला कटकटीचं. काटे आणि लव यांच्या खाचांत बुरशी दडून बसते आणि एक बीजाणू सुटला तरी आख्खी बाटली वाया जाते. काही कोंब पाणी भरल्यासारखे काचेरी होतात, ते बाहेर तग धरत नाहीत. पट्टेरी झाडांचा प्रश्न वेगळाच. त्यांचे पट्टे दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी असल्यामुळे दिसतात. पेशींच्या गोळ्यातून रोप केलं, तर ते निव्वळ हिरवं किंवा निव्वळ पांढरं निघू शकतं. आणि मून कॅक्टस? बाटलीत साखर मिळते तोवर ठीक, बाहेर आला की पुन्हा कलमच करावं लागतं.

मग महत्त्व कशाला?

२०१५ मध्ये १,४७८ प्रजातींच्या अभ्यासात ३१ टक्के निवडुंग धोक्यात असल्याचं आढळलं. धोक्यातल्या जवळपास निम्म्या प्रजातींवर शौकिनांच्या बाजाराचा ताण आहे. २०२० मध्ये इटलीत एका संग्राहकाकडे १ हजाराहून अधिक निवडुंग पकडले गेले. त्यातले बरेच चिलीच्या अटाकामा वाळवंटातून उपटलेले होते. पुढच्या वर्षी ८००हून अधिक परत पाठवावे लागले.

म्हणूनच जवळपास संपूर्ण निवडुंग कुळ 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं. त्यातल्या परिशिष्ट २ मधल्या निवडुंगांची निर्जंतुक बाटलीतली टिश्यू कल्चर रोपं मात्र नियंत्रणातून वगळलेली आहेत. भारतात वन्यजीव कायद्याची २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्समधल्या प्रजाती अनुसूची ४ मध्ये आल्या. म्हणजे 'इम्पोर्टेड, रेअर' असं सांगून विकणाऱ्याला कागदपत्रं विचारणं हा तुमचा आगाऊपणा ठरत नाही.

किंमत पडेल का?

'थाई कॉन्स्टेलेशन' मॉन्स्टेराचं उदाहरण ताजं आहे. प्रयोगशाळेतून रोपं भरपूर आली आणि चढे भाव खाली आले. निवडुंगात हे इतक्या लवकर होणार नाही, कारण बाटलीतून बाहेर आल्यावरही ते सावकाशच वाढतात. पण केवळ 'दुर्मीळ' या शब्दावर हजारो रुपये मोजणाऱ्याने ही शक्यता धरून चालावं.

आणखी एक, खास वाशीकरांसाठी. नुकतंच बाटलीतून आलेलं, हार्डनिंग न झालेलं रोप जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत सहज कुजतं. घ्यायचंच असेल तर रुजलेलं, कुंडीत काही महिने काढलेलं रोप पावसाळा संपल्यावर घ्या.