पहिल्या डॉक्टरनंतर कोण?

सामोआ हा पॅसिफिक महासागरातला सुमारे दोन लाख लोकवस्तीचा देश. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून आलेल्या एका जहाजातून तिथे इन्फ्लुएंझा पोहोचला. सत्ता न्यूझीलंडची होती. अधिकाऱ्यांनी जहाज अडवले नाही. थोड्याच आठवड्यांत दर पाच माणसांमागे एक दगावला. शेजारच्या अमेरिकन सामोआने बाहेरची जहाजे रोखली, तिथे या साथीचा एकही बळी गेला नाही.

पुढे १९२० च्या दशकात गावोगाव स्त्रियांच्या आरोग्य समित्या उभ्या राहिल्या. बाळांचे वजन, पिण्याचे पाणी, गावची स्वच्छता ही कामे त्यांनी परिचारिकांसोबत सांभाळली. पण डॉक्टर होण्याचा रस्ता न्यूझीलंडमधून जात होता. ओटागो विद्यापीठातून एमिली सीडबर्ग १८९६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्या न्यूझीलंडच्या वैद्यकशास्त्रातल्या पहिल्या स्त्री पदवीधर. त्याच ओटागोतून पॅसिफिक बेटांवरची पहिली स्त्री डॉक्टर व्हायला १९६४ उजाडले. त्या सामोआच्या व्हियोपापा ॲनंडेल. देश स्वतंत्र होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. मधली ६८ वर्षे बेटांवरच्या मुलींत हुशारी नव्हती, असे कोण म्हणेल? दार उघडायलाच एवढा वेळ लागला.

पहिली डॉक्टर झाली म्हणून काम संपत नाही. २०१८ मध्ये सामोआत लस तयार करताना झालेल्या चुकीमुळे दोन बाळे दगावली. पालकांचा विश्वास उडाला, लसीकरण कोसळले. २०१९ च्या गोवराच्या साथीत ८३ जण गेले, त्यांत बहुतेक लहान मुले. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस कामकाज थांबवले. लस न घेतलेल्या घरांनी दारापुढे लाल कापड लावायचे आणि पथकाने घरी येऊन लस द्यायची, अशी मोहीम झाली.

हे आपल्यापासून लांबचे नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडीतही गोवराने मुले दगावली, आणि लस न घेतलेली मुले तिथेही बरीच होती. घाबरलेल्या आईला सरकारी पत्रक पटत नाही. तिच्या बोलीत बोलणारी, तिच्या शंकेला न हसणारी डॉक्टर किंवा नर्स पटते.

म्हणून आपल्या मोहल्ल्यातली मुलगी ‘नीट’चा किंवा नर्सिंगचा फॉर्म भरायला निघाली, की ‘कॉलेज लांब आहे’, ‘लग्नाचे वय निघून जाईल’ ही कारणे पुढे करू नका. तिच्या फीची, प्रवासाची आणि हॉस्टेलची सोय काय करता येईल, ते आधी बघा.