कपाटातील विज्ञान मुलांच्या हातात यावे

स्मरणिकेत इमारतीचा इतिहास, निकालांची परंपरा आणि गुणवंतांची नावे यांना मानाचे स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. या लेखात मात्र मला एकच आग्रह मांडावयाचा आहे. प्रकाश, रंग आणि उष्णता हे धडे आपल्या निवासी शाळेतील प्रत्येक मुलाने स्वतःच्या हातांनी प्रयोग करून शिकले पाहिजेत. शिक्षकाने टेबलावर करून दाखवलेला प्रयोग किंवा पडद्यावर पाहिलेली चित्रफीत ही त्याला पर्याय होऊ शकत नाही.

इतिहासाचा शिक्षक विज्ञानाविषयी का लिहितो, असे कोणी विचारील. कारण हा प्रश्न मुळात इतिहासाचाच आहे. या देशात धातू वितळवणारे, कातडे कमावणारे, कापड रंगवणारे हात उष्णता आणि रंग यांचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या जाणत होते. परंतु त्या हातांना ग्रंथ वर्ज्य होता. ज्यांच्याकडे ग्रंथ होता, त्यांना हाताचे काम कमीपणाचे वाटे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या आपल्या इतिहासग्रंथात भारतातील विज्ञानाच्या ऱ्हासाचे एक कारण म्हणून जातिव्यवस्थेने केलेल्या या फारकतीकडेच बोट दाखवले. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात शेतीचे ज्ञान असावे, अशी मागणी केली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा कलेबरोबर विज्ञानालाही त्यात स्थान होते. आपला विद्यार्थी प्रयोग करतो, तेव्हा तुटलेले हात आणि ग्रंथ पुन्हा जोडले जातात.

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. परातीत पाणी घ्यावे, त्यात आरसा तिरका ठेवावा आणि सकाळचे ऊन त्यावर पडू द्यावे. समोरच्या पांढऱ्या कागदावर इंद्रधनुष्याचा पट्टा उमटतो. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलकातून मिळालेल्या अशाच पट्ट्यात तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. अवरक्त किरणांचा शोध असा लागला. एक लोलक, एक खोका आणि काजळी लावलेले तीन-चार तापमापक यांवर आपली मुलेही तो पडताळू शकतात.

आपल्या परिसरात तर साहित्य विपुल आहे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले वारली चित्र हिरव्या पारदर्शक कागदातून पाहावे. गेरूची भिंत काळपट दिसते आणि पांढऱ्या आकृती हिरव्या होतात. असे का होते, हा प्रश्न मूल स्वतः विचारते. दोन सारखे डबे घ्यावेत, एकाला काजळी आणि दुसऱ्याला चुना लावावा, दोहोंत सारखेच पाणी भरून ते उन्हात ठेवावेत आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहावे. मग कारवीच्या कुडाचे घर आणि पत्र्याची खोली यांतील भर दुपारचे तापमान मोजावे. आपल्या आजोबांच्या घराला मागासलेपणाचे लक्षण मानणाऱ्या मुलाच्या हाती आता स्वतःचे आकडे असतील. ते आकडे काय सांगतात, ते त्यानेच ठरवावे.

या तालुक्यांना हा मार्ग अपरिचित नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला खडे, बिया, पाने यांतून शिक्षणाची साधने घडवली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळाही चालली. वेवजीपासून हे काम दूरचे नव्हे.

आक्षेप ठाऊक आहेत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, काचसामान फुटते, परीक्षेत प्रयोगाला गुण थोडे. तथापि कुलूपबंद कपाटातील न फुटलेल्या लोलकाचा उपयोग काय? आणि शहरातील मूल शिकवणी वर्गात ज्या व्याख्या पाठ करते, त्या आपल्या मुलाने केवळ पाठ करून ते त्याच्या पुढे जाणार नाही. समजून घेतलेली गोष्ट मात्र त्याच्यापासून कोणी हिरावू शकत नाही.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा गुरूचा मान एवढ्यावरून काहीही न स्वीकारता स्वतः पडताळण्यास सांगितले. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरले. ही वृत्ती भाषणाने येत नाही, सवयीने येते. आणि सवय लावण्याचे वय शाळेतच असते.

माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, देणगी देताना नावाची पाटी लागेल अशा वस्तूबरोबर भिंगे, लोलक, तापमापक, बॅटऱ्या यांचाही विचार करावा. एका वर्गाला पुरेल इतके साहित्य स्मार्ट बोर्डापेक्षा स्वस्त पडते. शाळेने आठवड्यातील एक दुपार प्रयोगांसाठी राखावी. पालकांनी, सुटीत घरी आलेले मूल पाणी, आरसा, डबे घेऊन बसले तर त्याला रागावू नये.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळी ढगांनी वाट दिली, तर त्या दिवशी आपली मुले दारे लावून आत बसलेली नसावीत. सूर्याकडे थेट न पाहता, पुठ्ठ्याला पाडलेल्या बारीक छिद्रातून कागदावर उमटलेली सूर्याची कोर ती आपल्या आईवडिलांना दाखवत असावीत. त्याची तयारी या वर्षीच सुरू व्हावी.