आमच्यामागे याचे कसे होणार?

घरात अपंग अपत्य असलेल्या वयोवृद्ध आईवडिलांच्या मनात एक प्रश्न ठाण मांडून बसलेला असतो. मुलगा चाळिशीला टेकलेला, आपण सत्तरी ओलांडलेली, आणि त्याला उचलून न्हाणीघरात नेणारे हात आता स्वतःच थरथरू लागलेले. आमच्यामागे याचे कसे होणार? या प्रश्नाची रूढ उत्तरे वाचकांना ठाऊकच आहेत : भावंडे पाहतील, एखाद्या संस्थेत सोय होईल, किंवा बँकेतली ठेव उपयोगी पडेल. या तिन्ही उत्तरांत त्या चाळीस वर्षांच्या माणसाला स्वतःला काय हवे आहे, हे मात्र कोणी विचारलेले नसते.

आणखी एक उत्तर जगात गेली पन्नास वर्षे आकार घेत आहे. अपंग व्यक्तीने आपल्या आयुष्याचा कारभार स्वतः पाहावा, आणि तो कसा पाहायचा हे तिला दुसऱ्या अपंग व्यक्तीने शिकवावे, असे ते उत्तर.

त्याचे एक मूळ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आहे. एड रॉबर्ट्स या मुलाला १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचे शरीर जवळजवळ निश्चल झाले. रात्री श्वासासाठी ‘आयर्न लंग’ या अवजड लोखंडी यंत्रात झोपावे लागे. शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवण्याचे शिक्षण पूर्ण झाले नाही या सबबीवर शाळेने त्याचे प्रमाणपत्र अडवले, तेव्हा त्याची आई झोना हिने हा निर्णय बदलून घेईपर्यंत पाठपुरावा सोडला नाही. १९६२मध्ये तो बर्कली येथील विद्यापीठात दाखल झाला. त्याचे यंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून त्याला विद्यापीठाच्या रुग्णालयातच खोली देण्यात आली. मागोमाग तिथे आणखी काही तीव्र अपंगत्व असलेले विद्यार्थी आले, आणि रुग्णालयाच्या त्या मजल्यावर ‘आपण इथे रुग्ण आहोत की रहिवासी?’ या वादातून एक चळवळ उभी राहिली. १९७२ साली बर्कलीत स्वतंत्र जीवनाचे पहिले केंद्र सुरू झाले. पुढे रॉबर्ट्स कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याचे संचालक झाले. हा नोकरीस लायक होणे शक्य नाही, असा शेरा त्यांच्यावर एके काळी याच खात्याने मारला होता.

इथे एका शब्दाचा घोळ मिटवायला हवा. आपल्याकडे अपंगांच्या संदर्भात ‘स्वावलंबन’ हा शब्द फार वापरला जातो. त्यात स्वतःच्या हातांनी सगळे करण्याचा आग्रह दडलेला आहे. रॉबर्ट्स यांना स्वतःच्या हाताने सदराही घालता येत नसे. मग ते परावलंबी होते काय? या चळवळीत एक दाखला नेहमी देतात. एक मनुष्य दोन तास झगडून स्वतः कपडे चढवतो आणि थकून दिवसभर घरात पडून राहतो. दुसरा मदतनिसाकडून पंधरा मिनिटांत कपडे घालून घेतो आणि कामावर निघून जातो. स्वतंत्र कोण? मदत घेण्यात कमीपणा नाही. ती कोणाकडून, केव्हा आणि कशी घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे असणे म्हणजे स्वातंत्र्य. गुडघ्यांनी असहकार पुकारलेल्या आपल्यापैकी अनेकांनाही ही व्याख्या जवळची वाटेल.

जपानमध्ये याच विचाराला वेगळी आणि अधिक वेदनादायक पार्श्वभूमी होती. १९७०मध्ये योकोहामा शहरात एका आईने आपल्या दोन वर्षांच्या अपंग मुलीचा जीव घेतला. त्या आईला शिक्षा होऊ नये म्हणून परिसरातील लोकांनी सह्या गोळा केल्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांच्या ‘आओई शिबा’ या संघटनेने या सहानुभूतीलाच विरोध केला. आईच्या दुःखाची कणव सर्वांना आली, पण मेलेल्या मुलीच्या बाजूने कोण बोलणार, असा त्यांचा रोख होता. पालकांच्या मायेविरुद्ध बोलणे तेव्हा अनेकांना कृतघ्नपणाचे वाटले. मला मात्र वाटते, ‘आमच्यामागे याचे कसे होणार’ या प्रश्नाची काळी बाजू इतक्या धिटाईने दुसऱ्या कोणी क्वचितच दाखवली असेल.

१९८१च्या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षापासून डस्किन या उद्योगाच्या साहाय्याने जपानी अपंग तरुण शिक्षणासाठी अमेरिकेला जाऊ लागले. पाठीच्या कण्याला इजा झालेले शोजी नाकानिशी यांनी १९८६ साली तोक्योजवळील हाचिओजी येथे ‘ह्यूमन केअर असोसिएशन’ हे केंद्र काढले. १९९१मध्ये जपानमधील अशा केंद्रांचा महासंघ झाला. केंद्राचा प्रमुख अपंगच हवा आणि निर्णय घेणाऱ्यांतही बहुमत अपंगांचेच हवे, हा त्याचा दंडक. अपंगांचे भले करणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. मात्र त्यांच्या कार्यकारिणीत अपंग किती, हे मोजण्याची आपल्याला सवय नाही.

या केंद्रांतून कार्यकर्ते घडतात कसे? पहिला धडा समदुःखी समुपदेशनाचा. दोघे अपंग समोरासमोर बसतात आणि वेळ निम्मा निम्मा वाटून घेतात. एक बोलतो तेव्हा दुसरा फक्त ऐकतो. उपदेश नाही, टीका नाही. ज्यांना जन्मभर सल्लेच मिळाले, त्यांना हे ऐकून घेतले जाणेच नवे असते. पुढे प्रत्यक्ष सराव सुरू होतो : महिन्याचा खर्च आखणे, बाजारहाट करणे, रेल्वेने प्रवास करणे, मदतनिसाला नेमक्या सूचना देणे आणि तो चुकला तर न रागावता पण ठामपणे सांगणे. अनेक केंद्रांत ‘अनुभवाची खोली’ असते. घर न सोडलेला माणूस तिथे मदतनिसांसह काही दिवस राहून पाहतो. जेवायला काय करायचे, दिवा केव्हा मालवायचा, हे तोच ठरवतो. भात जास्त झाला, पैसे आधीच संपले, तरी कोणी धावून येत नाही. चुकण्याचा हक्क हा या शिक्षणाचा गाभाच आहे. पहिल्या रात्री झोप लागत नसेल ती बहुधा घरी राहिलेल्या आईला!

जे शिकले, त्यांनी इतरांना शिकवायचे. डस्किनच्याच प्रतिष्ठानाने १९९९पासून आशिया-प्रशांत प्रदेशातील अपंग तरुणांना जपानमध्ये बोलावून नेतृत्वाचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. त्यातूनच आलेल्या शफीक उर रहमान यांनी लाहोरमध्ये असे केंद्र रुजवले. २००५च्या भूकंपात कणा मोडलेल्या रुग्णांना धीर द्यायला चाकाच्या खुर्चीतलीच माणसे गेली. डॉक्टर ‘तुम्ही जगाल’ असे सांगू शकतात. ‘असे जगता येते’ हे दाखवायला तसे जगणारा लागतो.

आपल्याला हे अपरिचित नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात कमरेखाली अपंगत्व आले, आणि स्वतः चाकाच्या खुर्चीत असूनही उद्योगव्यवसाय सांभाळणाऱ्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना उमेद दिली. १९८४ साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन अनेक घरांत वाचले गेले आहे.

अर्थात, जपानचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही. सरकारी खर्चाने मदतनीस पुरवणारी तिथल्यासारखी सार्वत्रिक व्यवस्था आपल्याकडे नाही. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात अधिक साहाय्याची गरज असणाऱ्यांसाठी अर्ज करण्याची तरतूद आहे. तिचा पाठपुरावा करणारी माणसेच आधी तयार व्हायला हवीत. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती व नगरपालिकांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा निर्णय आहे. त्याचा हिशेब ग्रामसभेत काकांनी किंवा थोरल्या भावाने मागण्यापेक्षा स्वतः अपंग व्यक्तीने मागितला, तर उत्तर टाळणे कठीण जाते.

आरंभ घरातूनच करता येतो. पाहुणे ‘आता याला बरे आहे का?’ असे आपल्याला विचारतात, तेव्हा उत्तर न देता त्याच्याकडे पाहावे. मदतनिसाचा पगार त्याच्या हातून द्यावा. बँकेच्या खिडकीपाशी त्याला पुढे करून आपण दोन पावले मागे उभे राहावे. परिसरातील दुसऱ्या अपंग व्यक्तीशी त्याची गाठ घालून द्यावी, आणि ते दोघे बोलत असताना चहा ठेवून खोलीबाहेर जावे. आपण अजून धडधाकट आहोत तेव्हाच चार दिवस बहिणीकडे किंवा तीर्थयात्रेला जाऊन यावे, आणि मागे घर त्याच्या व मदतनिसाच्या हवाली करावे. फोन रोज एकदाच करायचा. आणि ‘जेवलास का?’ हा प्रश्न शक्यतो टाळायचा.